सरवतीचा होकार

१

महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी सकाळी सातला अर्धी भाकरी दुधात कुस्करून खात असे, रक्तदाबाची गोळी घेत असे आणि आसारामच्या रिक्षाची वाट बघत ओट्यावर बसत असे. आसाराम आठला यायचा. माजलगावातून दिंद्रुडच्या रस्त्याने निघून पुढे कच्च्या वाटेला वळलं की टाकळी. गावाच्या अलीकडे सरवती नदीचा डोह. तिथे मी उतरायचो, तासभर काठावर बसायचो आणि मग गावात पाणीवापर सहकारी संस्थेच्या अकराच्या बैठकीला जायचो. दोन वर्षं हा नेम चुकला नव्हता.

बैठकीत मी सरवती नदीच्या वतीने बसायचो. हे मी अनेकांना समजावून सांगितलं आहे आणि दर वेळी सांगताना मलाच अवघडल्यासारखं झालं आहे. देवळातली मूर्ती कायद्याच्या लेखी व्यक्ती असते, तिच्या नावावर जमीन असते, तिला दावा लावता येतो. न्यायालयाच्या आदेशाने तशीच आता सरवती ही व्यक्ती झाली होती. वाहण्याचा, भरण्याचा आणि तळाशी थोडं पाणी राखण्याचा तिला हक्क होता. डोहातल्या खडकावर एक पांढरी रेघ मारली होती. रेघेखालचं पाणी तिच्या संमतीशिवाय कुणी उपसायचं नाही. संस्थेच्या दहा संचालकांबरोबर ती अकरावी, आणि तिला तोंड नसल्यामुळे तिचा एक पालक. तो मी. चौतीस वर्षं मी कायद्याच्या महाविद्यालयात विधिशास्त्र शिकवलं. या प्रकरणात न्यायालयाने मला सल्ल्यासाठी बोलावलं आणि शेवटी ते काम माझ्याच गळ्यात पडलं.

आदेशातलं नववं कलम माझ्या हातचं आहे. ‘प्रत्येक मतापूर्वी पालकाने काठावर किमान एक तास बसावे, नदीला विचारावे, आणि साक्षीदारासमक्ष भेटवहीत नोंद करावी.’ खरं सांगायचं तर मसुदा फार कोरडा वाटत होता म्हणून ते मी शोभेसाठी घातलं होतं. न्यायालय गाळेल असं वाटलं. गाळलं नाही.

वच्छलाबाई माझ्याकडे स्वयंपाकाला येत. त्यांनी एकदा विचारलं, “मंग नदीचं तुमी कोण लागता, सर?”

“पालक.”

“म्हंजी ती लहान हाय?”

“कायद्यात तसंच धरतात.”

“माझ्या आजीच्या आजीनं तिच्यात धुणं धुतलं,” त्या म्हणाल्या, “आन् लहान.” आणि तव्यावरची भाकरी उलटली.

काठावर बसून मी काय विचारत होतो, हेही सांगून टाकतो. पहिल्या भेटीत मी मोठ्याने विचारलं होतं. काठावरच्या खोपटातली कडूबाई तोंडाला पदर लावून हसली. त्यानंतर मी मनातल्या मनात विचारू लागलो आणि पुढे पुढे तेही सोडलं. घड्याळाकडे बघत तास काढायचो. माझं मत तेच नदीचं मत, असं धरून चालायचो. पालकाने पाल्याच्या वतीने विचार करायचा असतो. त्यात वावगं काही नाही. निदान मी मुलांना तसंच शिकवलं होतं.

२

लागोपाठचं दुसरं कोरडं वर्ष. धरण तळाला गेलेलं. मार्चमध्येच गावोगाव टँकर सुरू झाले. सरवतीत नावापुरतं पाणी उरलं होतं ते या डोहातच, आणि तेही रेघेखाली.

संस्थेचे चेअरमन अर्जुनराव यांचा फोन आला. हा गृहस्थ माझ्याच वर्गात दोन वर्षं बसून परीक्षा न देता गावी परतलेला. त्यामुळे त्यांच्या तोंडच्या ‘सर’मध्ये मला नेहमी थोडी चेष्टा ऐकू येते. कदाचित ती नसेलही.

“सर, आठ दिवस मोटार लावू द्या. पाच एकर बेणं हाय उसाचं, तेवढं जगवायचं. बेणं गेलं तर पुढच्या साली गावानं लागण कशाची करायची?”

“रेघेखालचं पाणी आहे, अर्जुनराव.”

“म्हणून तर इचारतोय. न्हाईतर नदीला कोण इचारतं हो?” ते हसले. “पाच जण हो म्हणत्यात, पाच न्हाई म्हणत्यात. आता तुमी म्हणाल ते. म्हंजी ती म्हणंल ते. सोमवारी सांगा.”

न्यायाने पाहिलं तर माणूस खोटं बोलत नव्हता. बेणं हे सगळ्या गावाचं होतं. पण डोहाच्या काठी कडूबाई आणि तिचा नवरा हरिबा यांचं खोपटं होतं, साठ मेंढरं होती, दोन गाई होत्या. टँकरवर माणसं तगतात. मेंढरांना टँकरचं पाणी कुणी देत नाही. डोह गेला की त्यांना मेंढरं विकून उठावं लागणार होतं. हरिबा तर आधीच बाजारभाव विचारायला चालला होता. उत्तर मला माहीत होतं. उत्तर ‘नाही’ होतं.

त्या सोमवारी उठलो तेव्हा गुडघा दुखत होता. बाहेर सात वाजताच ऊन भाजत होतं. मी आसारामला फोन करून येऊ नको म्हणालो. मग पलंगावर बसून विचार केला. ‘नाही’ म्हणायचं तर जावं लागणार, अर्जुनरावांच्या समोर बसावं लागणार, पाच जणांच्या नजरा सोसाव्या लागणार. ‘हो’ घरबसल्या देता येत होता.

मी लिहिलं : ‘आज सकाळी काठावर एक तास बसून, नदीला विचारून, आठ दिवसांच्या उपशास संमती देत आहे.’ सही केली. फोनवर फोटो काढून संस्थेचे सचिव बद्रीनाथ यांना पाठवला. कुलर लावला आणि भिंतीकडे तोंड करून झोपून राहिलो.

एवढंच मी केलं. पुष्कळ विचार करूनही मला त्या दिवसाबद्दल याहून वेगळं काही आठवत नाही.

३

भेटवही कडूबाईच्या खोपटात एका पत्र्याच्या पेटीत असे. त्यात चार रकाने : येण्याची वेळ, जाण्याची वेळ, पालकाची सही, साक्षीदाराचा अंगठा. नोंद राहिली होती. म्हणून गुरुवारी गेलो. कडूबाईला काय सांगायचं, ते रिक्षात घोकत होतो. सोमवारी घाईत राहून गेलं, आज अंगठा दे. बाई सरळ आहे, देईल. या वयात आपण एका निरक्षर बाईला खोट्या साक्षीला लावणार, याची लाज वाटत होती, आणि तरीही वाक्य घोकत होतो.

डोहावर मोटारीचा एकसुरी आवाज चालला होता. पाणी रेघेच्या चांगलं हातभर खाली गेलेलं. कडूबाई मेंढरांना काठाशी अडवत उभी होती. मी पेटी उघडली, वही काढली आणि पेन हातात धरून तसाच राहिलो.

सोमवारची नोंद झालेली होती.

येण्याची वेळ, नऊ. सही माझी. मी सहीच्या शेवटी एक रेघ ओढून तिच्यावर टिंब देतो, तेही होतं. शाई जरा फुटली होती, ओल्या हातांनी पान धरल्यावर फुटते तशी. शेजारी कडूबाईचा अंगठा. जाण्याच्या वेळेचा रकाना रिकामा.

“कडूबाई, हे कुणी लिहिलं?”

“कुणी म्हंजी? तुमीच की, मास्तर.”

“सोमवारी?”

“सोमवारी न्हाई तर कवा? अंगठा मागितला, मी दिला.” तिने एका मेंढीला हुसकावलं. “जाताना दिसला न्हाईत, म्हणून ते तेवढं मोकळं ऱ्हायलं आसंल.”

“माझ्याशी काही बोललीस?”

“मी कशाला बोलू? तुमी बसलेलं होते. पाण्यात पाय सोडून.”

मी दोन वर्षांत कधी पाण्यात पाय सोडला नव्हता. पालकाने पाल्याच्या मालमत्तेचा उपभोग घेऊ नये हा नियम मी स्वतःपुरता इतका ताणला होता, की तिथे तोंडसुद्धा धूत नव्हतो.

“तोंड पाहिलंस माझं?” मी विचारलं.

तिने माझ्याकडे नीट बघितलं. मग हळू म्हणाली, “वही पाठमोरीच दिलीत. आसं हात मागं करून. मी म्हणलं, मास्तरांचं कायतरी बिनसलंय आज.”

४

माणसाने स्वतःवर विश्वास ठेवण्याआधी पुरावा तपासावा. मी तसंच केलं.

परतताना आसारामला सहज विचारल्यासारखं विचारलं, “सोमवारी मला डोहावर कुणी सोडलं रे?”

“मी तर न्हाई. तुमीच फोन केलता, येऊ नको म्हणून.”

“मग मी गेलो असेन का?”

आरशातून त्याने माझ्याकडे पाहिलं. “आता ते मला कसं कळंल, सर? येष्टीनं गेला आसाल. कावून?”

एसटीने. शक्य होतं. चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणूस एसटीने जाऊन येऊन विसरतो, असं होतं. माझे मोठे भाऊ शेवटी शेवटी जेवून उठले की पुन्हा ताटावर बसत. मी घरी येऊन चपला पाहिल्या, पिशवीत तिकीट शोधलं. काही सापडलं नाही. पण न सापडण्याने काही सिद्ध होत नाही, हेही मीच शिकवत आलो आहे.

मग वच्छलाबाईंना विचारलं, “सोमवारी मी घरीच होतो ना?”

“होतात की. झोपलेलं होते.”

मला एवढं हायसं वाटलं की मी खुर्चीवर बसलो. “तुम्ही पाहिलंत ना मला? नक्की?”

“पडदा सारून बघितलं. म्हणलं उठवावं का जेवाया. पण गाढ होतात, म्हणून ताट झाकून गेले.”

“चेहरा दिसला?”

“भिंतीकडं तोंड करून झोपल्यावर चेहरा कसा दिसंल? पाठ दिसली.” त्यांनी पोळपाट मोरीत ठेवला. “कावून हो, सर? काही चोरीबिरी झाली का?”

मी नाही म्हणालो. त्या पोळपाट धुऊ लागल्या आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो. डोहावर माझी पाठ दिसली होती. घरातही माझी पाठ दिसली होती. दोन्हीकडे साक्षीदार होता आणि दोन्ही साक्षी सारख्याच तोलाच्या होत्या. घरात झोपलेला तो मी, असं मी कशावरून म्हणत होतो? मला आठवतं म्हणून. आठवणीखेरीज माझ्याकडे दुसरा आधार नव्हता.

५

शनिवारी पुन्हा गेलो. न जाता राहवेना. मोटार चालूच होती. डोह आता खळ्याएवढा उरला होता आणि भोवती चिखलाची काळी रुंद पट्टी, तिला भेगा पडायला लागलेल्या.

मी नेहमीच्या दगडावर बसलो. मोटारीचा आवाज एका लयीत होता. त्याच्याखाली आणखी एक आवाज आहे असं मला मधूनमधून वाटत होतं. घसा खाकरल्याचा. मी वर्गात शिरण्यापूर्वी दोनदा खाकरायचो, एकदा मोठ्याने आणि एकदा दबकं. मुलं नक्कल करायची. समोरच्या काठावरून तसं, एकदा मोठ्याने, एकदा दबकं. तिथे बाभळी होत्या आणि बाभळींची विरळ सावली होती. मोटार तशी खाकरू शकते, हवा ओढली की. मी स्वतःला ते समजावलं.

कडूबाई पाण्याची कळशी घेऊन वर आली. डोळे सुजलेले होते.

“मास्तर, एक गोष्ट इचारू? राग न्हाई ना येणार?”

“विचार.”

“तुमी हाय तरी कुणाच्या बाजूनं?”

मला कळलं नाही. तिने कळशी खाली ठेवली.

“सोमवारपास्नं रोज येऊन बसता. कवा जाता कळत न्हाई. काल मी धीर करून जवळ गेले. म्हणलं, मास्तर, मोटार बंद हुईल का? हो म्हणालात. मला लई बरं वाटलं. मग म्हणलं, आमी इथंच ऱ्हाऊ ना? हो म्हणालात. मग ह्यांनी इचारलं, का मेंढरं इकून जाऊ? तर त्यालाबी हो.”

“आणखी काय म्हणालो?”

“दुसरं काय बोलतच न्हाई तुमी. काय बी इचारा, हो. मी आखीर म्हणलं, मास्तर, तुमाला बरं वाटत न्हाई का? तरी हो.” तिचा आवाज बारीक झाला. “मग मी मागं सरले. मला भ्या वाटलं. तुमी मागं वळून बघतच न्हाई हो.”

मी तिला सांगणार होतो की तो मी नव्हे. पण ते वाक्य तोंडात जुळवताना मला ऐकू आलं ते कसं लागेल. म्हातारा खुळावला. शिवाय मला काहीतरी उमगत चाललं होतं, आणि ते इतकं सरळ होतं की त्याची भीती वाटत होती. सरवती या व्यक्तीला आम्ही कागदावर जन्म दिला होता. तिच्यासमोर दोन वर्षं येऊन बसला तो एकच माणूस. तिने पाहिलं ते एकच रूप, तेही बहुधा उठून निघालेलं, पाठमोरं. आणि तिच्या नावाने उच्चारलेला शब्द तिच्यापर्यंत खराखुरा पोचला तो एकच : मी दुरून, न येता दिलेला होकार.

हे मी सिद्ध करू शकत नाही. तेव्हाही करू शकलो नसतो.

“मोटार थांबवतो मी,” मी म्हणालो. “सोमवारी जादा बैठक आहे. तोवर मेंढरं विकू नका.”

“हे बी आसंच ना?” कडूबाई म्हणाली. “काल बी हो म्हणला होता.”

६

सोमवारी ठरवून निघालो. सगळ्यांसमोर सांगायचं होतं, की त्या दिवशी मी काठावर गेलोच नव्हतो, संमती खोटी आहे, मोटार बंद करा. नाव जाणार होतं. कदाचित न्यायालयाची नोटीस येणार होती. पण अर्जुनरावांना आणखी आठ दिवस हवे होते, आणि आणखी आठ दिवसांत डोहात चिखलही उरला नसता.

फाट्यावर एक टँकर आडवा झाला होता. त्यात वीस मिनिटं गेली. डोहाकडे न वळता आसारामला थेट कार्यालयाकडे घ्यायला सांगितलं. पोचलो तेव्हा बैठक सुरू झालेली. व्हरांड्यात चपला काढताना आतली हजेरी ऐकू येत होती.

या संस्थेत पाणी शेपटाकडून डोक्याकडे देतात. ज्याचं शेत पाटाच्या अगदी शेवटी, त्याची पाळी आधी, म्हणजे वरच्याने खालच्याचं मारू नये. बद्रीनाथ हजेरीही त्याच क्रमाने घेत. पाटाच्या टोकाचा शेतकरी पहिला आणि सगळ्यांच्या वर असलेली नदी शेवटी. दहा नावं झाली. मी घाईने दुसरी चप्पल काढली.

“सरवती नदी,” बद्रीनाथ म्हणाले.

“हो.”

मी तोंड उघडलं होतं. मला वाटलं मीच बोललो. मी ओठांना हात लावला. ते कोरडे होते आणि उघडेच होते.

“मंग सर,” आतून अर्जुनरावांचा आवाज, “नदीचं काय म्हणणं? अजून आठ दिवस?”

“हो.”

व्हरांड्यातल्या खिडकीला जाळी होती. मी तिच्याशी तोंड नेलं. बाहेरच्या उन्हातून आतलं नीट दिसेना. टेबल, पंखा, टेबलाभोवती डोकी. आणि शेवटच्या लोखंडी खुर्चीत, माझ्या खुर्चीत, जाळीकडे पाठ करून कुणीतरी बसलेलं. पांढरा सदरा. मानेवरचे पांढरे केस कातडीला चिकटलेले, आत्ताच डोक्यावरून पाणी घेतल्यासारखे. कॉलर खालपर्यंत ओली. माझ्या मानेवर मागे एक चामखीळ आहे, न्हावी दर वेळी तिला जपतो. मी स्वतः ती कधी पाहिलेली नाही. त्या मानेवर ती होती का, हे बघायला मी डोळे बारीक केले, आणि मग बघायचं नाही असं ठरवून दाराकडे धावलो.

आत गेलो तेव्हा खुर्ची रिकामी होती. मागचं दार उघडं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. त्या नजरांत आश्चर्य नव्हतं, थोडा कंटाळा होता.

“जाऊन आलात व्हय, सर?” अर्जुनराव म्हणाले. “म्हातारपणी आवरत न्हाई.”

दोघे-तिघे हसले.

“मी आत्ताच येतोय,” मी म्हणालो. “माझी हजेरी मी दिली नाही. आणि नदीचं मत ‘नाही’ आहे. ‘नाही’ असं लिहा. मागचं मतही खोटं होतं. मी काठावर गेलोच नव्हतो त्या दिवशी.”

हसू थांबलं. अर्जुनरावांनी शांतपणे भेटवही पुढे सरकवली. ती त्यांनी खोपटातून मागवून घेतली होती. “सही कुणाची ही? अंगठा कुणाचा? सर, एक मिनिट झालं न्हाई, हो म्हणलात. आता न्हाई. कोर्टात आसं चालतं का?” मग, जरा मऊ आवाजात, “बसा तुमी. पाणी प्या.”

मी खुर्चीच्या पाठीला हात लावला. बाहेर बेचाळीस अंश होतं आणि लोखंड विहिरीतून काढल्यासारखं गार होतं. मी बसलो नाही.

बद्रीनाथ सज्जन माणूस. मला व्हरांड्यात घेऊन आले आणि म्हणाले, “सर, लिहून झालंय. बदलायचं तर नववं कलम हाय. पुन्हा काठावर बसा, इचारा, आन् पाचच्या आत येऊन सही द्या. मी थांबतो. आज सहाला लाईट येती, मग मोटार चालू करत्यात.”

“बद्रीनाथ, मघाशी खुर्चीत कोण होतं?”

त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. “तुमीच होता, सर,” ते म्हणाले.

७

साडेबाराला मी पाण्यालगतच्या दगडावर बसलो. आसाराम वर लिंबाखाली रिक्षा लावून झोपला. कडूबाई खोपटाच्या दारात बसली होती. हरिबा मेंढरं मोजून एका जागी करत होता. पाणी मोटारीच्या तोंडापाशी एका खोलगट जागेत उरलं होतं, दोन-तीन बैलगाड्या मावतील एवढं. वारा नव्हता. मोटार बंद असल्यामुळे आवाज कसलाच नव्हता.

समोर, बाभळींच्या सावलीत, तो बसलेला होता. पाठमोरा, चिखलात, पाय पलीकडे सोडून. मी एकदाच पाहिलं आणि नजर पाण्यावर ठेवली.

लोक काय म्हणतील हा विचार तिथेही आला, इतकी ती सवय मुरलेली. मग मी मोठ्याने म्हणालो, “त्या दिवशी मी आलो नव्हतो.”

पाण्यावर एक माशी फिरत होती.

“मी घरी होतो. मला ‘नाही’ म्हणायचं होतं, पण ते म्हणायला यावं लागलं असतं. म्हणून ‘हो’ लिहिलं. ते तुझं उत्तर नव्हतं. माझंही नव्हतं.” मी दोनदा खाकरलो. पलीकडून दोनदा खाकरल्याचा आवाज आला.

“मोटार लावू द्यायची का?” मी विचारलं.

“हो,” माझा आवाज म्हणाला.

“नाही,” मी म्हणालो. “मोटार लावू द्यायची का? नाही. मेंढरं विकायची का? नाही. तळातलं पाणी द्यायचं का? नाही.”

“हो.”

“नाही.”

मी मोजलं नाही किती वेळा. पहिल्या वर्षाच्या मुलांना व्याख्या घोकून घ्यायचो तसं मी ते म्हणत राहिलो. जीभ टाळूला चिकटत होती. पाण्याची बाटली रिक्षात होती, पण उठलो असतो तर पुन्हा पाठ दिसली असती, आणि तेवढं एक मला करायचं नव्हतं. कडूबाई अर्ध्या वाटेपर्यंत आली आणि तिथेच उकिडवी बसली. मी तिच्याकडे वळलो नाही. ऊन डोक्यावरून कलत बाभळींमागे गेलं. कधीतरी पलीकडचा ‘हो’ उशिरा येऊ लागला. मग एकदा आलाच नाही. मी विचारलं, “मोटार लावू द्यायची का?” आणि गप्प राहिलो.

बऱ्याच वेळाने, अगदी हळू, नव्याने बोलायला शिकल्यासारखं :

“नाही.”

मी डोळे मिटले. उघडले तेव्हा बाभळींखाली कुणी नव्हतं. चिखलात बसल्याची जागा होती आणि तिच्यात पाणी साचत होतं.

पावणेपाचला फोन वाजला. बद्रीनाथ.

“सर, बरं झालं स्वतः आलात. ठराव फिरवला. अर्जुनराव लई तापलेत, पण सही तुमची हाय, काय करणार? मोटार उचलायला माणसं पाठवलीत. आन् सर, राग मानू नका, घरी जाऊन अंग पुसा आता. तुमच्या कपड्यांनी समदं टेबल भिजलंय.”

मी सदऱ्याला हात लावून पाहिला. फोन खिशात ठेवला. माझा सदरा घामाने वाळून कडक झाला होता.

दोन माणसं येऊन मोटार सोडवू लागली तेव्हा कडूबाईने तोंडावर पदर घेतला आणि ती रडली. हरिबाने मेंढरं सोडली. ती पाण्याच्या कडेने ओळीने उभी राहून पीत होती, आणि त्यांच्या पिण्याचा तो बारीक आवाज सगळ्या डोहभर ऐकू येत होता. “मास्तर,” कडूबाई म्हणाली, “आज पाठ फिरवली न्हाईत बघा तुमी.” मला हसू आलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला हलकं वाटलं.

माणसं मोटार घेऊन गेली. मेंढरं वर चढली आणि त्यांच्या मागे ती दोघंही. वरून आसारामने हॉर्न वाजवला. मी गुडघ्यावर हात टेकून उठायला लागलो. पाण्यात पाहिलं. माझी प्रतिमा पाण्यात पडली होती, ती नीट होती. तिच्या शेजारी, खांद्याला खांदा लागेल इतक्या जवळ, दुसरी होती. या वेळी तिचं तोंड माझ्याकडे होतं.

मी मान वर केली नाही. आपल्याकडे कुणाकडून निघताना विचारून निघायची पद्धत आहे. भीतीने सुचलं असेल किंवा सवयीने, मी तेवढंच बोललो.

“निघू का मग मी?”

आसारामने पुन्हा हॉर्न वाजवला.

“नाही,” माझ्या कानाशी माझा आवाज म्हणाला.

मी खाली बसलो.